गेरूची खूण

डोस झाला की आशाताई दारावर गेरूनं ‘पी’ लिहायची, राहिला तर फुली. अंबादासनं मुलाला पोलिओचा डोस द्यायला नाही म्हटलं, तशी तिनं फुली मारली. ती वळताच त्यानं फुली पुसून घरातल्या खडूनं ‘पी’ काढला.

“अहो, शिवमले काही झालं तं?” त्याची बायको कोकिळा धास्तावली.

“कायचं होते वं! साऱ्या गल्लीनं देला डोस. मंग रोग येईन कुठून?”

महिन्याभरानं शेजारची छकुली तापानं फणफणली. सकाळी तिचा पाय उचलेना. अंबादासनं तिच्या दाराकडं पाहिलं. ‘पी’ होता, पण पांढऱ्या खडूचा.

पलीकडच्या दारावरही पांढराच. तो धावत गल्लीच्या टोकापर्यंत गेला. गेरूचा ‘पी’ एकाही दारावर नव्हता.