पियानोचं तोंड

देवीदासने पिशवीतून दोन वस्तू काढून सतरंजीवर मांडल्या. एक इको मशीन, आत टेपचं वेटोळं फिरणारं. दुसरं लोखंडी पेडल, चपलेएवढं, पायाखाली पुढे-मागे झुलणारं.

"हे तर गिटारचं सामान आहे ना?" सुखदेवने विचारलं.

"आहे. पण वायर काय विचारते का, मागं गिटार आहे का पियानो म्हणून? लावून तर पाहू."

सुखदेव सौंसरच्या तहसीलीत कारकून होता आणि भीमगीतांच्या पार्टीत पियानो वाजवायचा. देवीदास त्याच पार्टीतला गिटारवाला. नागपूरच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून त्यांनी तो जुना इलेक्ट्रिक पियानो आणला होता. पट्टी दाबली की आतली हातोडी पोलादी पातीवर बसायची आणि घंटेसारखा, जरासा घोगरा सूर निघायचा. घरात गोड वाटायचा, पण मंडपात ढोलकीपुढे पार दबून जायचा. आणि शनिवारी बोरगावला कार्यक्रम होता.

पूर्वी हे कुणाला जाणवलं नव्हतं, कारण पुढे सुमन गायची. सुमन म्हणजे सुखदेवची बायको. उन्हाळ्यात तिच्या घशाचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून तिच्या गळ्यात नुसती कुजबुज उरली होती. बोरगावला पांढुर्ण्याची शोभा गाणार होती. सगळी गाणी तिने घेतली. एक तेवढं घेतलं नाही. त्या गाण्याची चाल सुमनने बांधलेली होती. "ते ताईचं आहे, मी नाही गात," शोभा म्हणाली होती. मग ते नुसतं पियानोवर वाजवायचं ठरलं.

सुमन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सूप घेऊन डाळ पाखडत होती. तिची या दोघांकडे पाठ होती.

देवीदासने पियानोची वायर इकोत घातली, इकोची पेडलमध्ये, पेडलची ॲम्प्लिफायरला. बटण दाबताच खोलीभर घूंऽऽ सुरू झालं. त्याने एक तार पियानोच्या लोखंडी सांगाड्याला बांधली, तिचं दुसरं टोक अंगणातल्या नळाच्या पाइपाला गुंडाळलं. घूं थांबलं. सुखदेवने सूर धरला, देवीदासने पेडल हलवलं आणि दोघांनीही तोंड वाकडं केलं. आधीच्या सुरांचे पडसाद नव्या सुरांबरोबर चावले जात होते. सगळा नुसता काला.

"उलटं करून पाहू काय?" सुखदेव म्हणाला. "पहिले पेडल, मग इको."

वायरी बदलल्या. आता सूर आधी वळण घेऊन येई आणि मग मोकळा होऊन दूर दूर जाई, डोंगराला हाक दिल्यासारखा. सुखदेवच्या अंगावर काटा आला. सुपाचा आवाज थांबला, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

पण गाणं काही जमेना. सुखदेवचा उजवा पाय पियानोच्या स्वतःच्या, सूर लांबवायच्या पेडलवर अडकलेला, डाव्याला हे काम येईना. देवीदास पुढे सरसावला, पण त्याचा पाय गिटारच्या सवयीने ठेका धरी. वाँक, वाँक, वाँक.

"बेडूक ओरडून राहिला, बाप्पा," सुखदेव वैतागून म्हणाला. "राहू दे. साधंच वाजवतो."

"थांबा."

कुजबुज इतकी बारीक होती की ती कोणाची हे कळायला दोघांना क्षणभर लागलं. सुमन सूप ठेवून जवळ आली होती. ती उकिडवी बसली, पेडल हाताने पुढे दाबलं, मागे घेतलं.

"एकच सूर धरून ठेवा," ती नवऱ्याला म्हणाली.

सुखदेवने धरला. तिने पेडल हळू पुढे नेलं. उऽऽ म्हणणारा सूर ओऽऽ झाला, आणि मग आऽऽ.

"पुढं दाबलं का तोंड उघडते," ती म्हणाली. "मागं घेतलं का मिटते. तोंड आहे हे. तुम्ही याले ठोकून काहून राहिले?"

देवीदास बाजूला सरला. सुमनने स्टूल ओढलं, पदर खोचला, अनवाणी पाय पेडलवर ठेवला.

"माझं घ्या," ती म्हणाली.

पहिली ओळ डगमगली. पाय जरा मागे राहिला, शब्द बोबडे झाले. सुखदेव पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. दुसऱ्या वेळी ओळीच्या शेवटी तिने पाय एकदम न सोडता हळूहळू उचलत आणला, आणि सूर तसाच मिटत गेला, जसे ती गाताना ओठ मिटायची. सुखदेवने चमकून तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे बंद होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मान एका बाजूला कलली होती, वरच्या सुराला कलायची तशीच.

अंतऱ्यात ती जिथे नेहमी श्वास घ्यायची, तिथे पियानोनेही श्वास घेतला.

देवीदासला राहवलं नाही. "वहिनी! शनिवारी तुमचं स्टूल मधातच मांडू, शोभाच्या बाजूले! सुखदेवभाऊ, तुम्ही ऐकून राहिले ना?"

सुखदेवचे हात पट्ट्यांवरून उचलले गेले. शेवटचा सूर इकोत विरत विरत चालला होता.

सुमनने डोळे उघडले नाहीत. पाय पेडलवर तसाच होता, पुढे टेकलेला.

"थांबू नका," ती कुजबुजली. "माझं कडवं अजून संपलं नाही."