जन्मानं अमेरिकन

आमच्या कॅनडातल्या गावात तेव्हा बाळंतपणाची सोय नव्हती, म्हणून माझा मावसभाऊ वेंडल नदीपलीकडे, अमेरिकेत जन्मला. तिसऱ्या दिवशी मावशीच्या कुशीतून इकडे आला आणि पुढची अठ्ठावन्न वर्षं इथंच राहिला. पण ऐट अशी, की एक जुलैला सगळं गाव कॅनडाचा वाढदिवस साजरा करायचं, तेव्हा हा ओसरीत पाय पसरून म्हणायचा, "चालू द्या तुमचं. आम्ही अमेरिकन."

यंदा कर सल्लागारानं त्याला सांगितलं, की अमेरिकन नागरिक जगात कुठंही राहो, त्यानं दरवर्षी अमेरिकेत कराचं विवरणपत्र भरायचं असतं. नाही भरलं तर दंड. वेंडलनं जन्मात एकदाही भरलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी अंगणातला अमेरिकेचा झेंडा उतरला. दुसऱ्या दिवशी मी वृद्धाश्रमात मावशीपाशी बसले होते, तेवढ्यात हा कागद घेऊन आला.

"आई, एवढी सही कर. माझा जन्म इथं, आपल्या घरातच झाला, असं लिहिलंय."

याच्या जन्मासाठी मावशी भर बर्फात, कळा सोसत पूल ओलांडून गेली होती. तिनं चष्मा लावला, कागद शेवटपर्यंत वाचला आणि पेन मागितलं.



"करते की सही," ती म्हणाली. "हातासरशी बापाचं नावही बदलून देऊ का?"