धवल्यातला चौथा सूर

“परत आला तो,” परशुराम म्हणाला आणि त्याने कीबोर्डवरून हात उचलला.

डाव्या हाताने त्याने साधा सा-ग-प धरला होता. तेवढं ओळखून लॅपटॉपमधल्या प्रोग्रॅमने मागे व्हायोलिन आणि ढोलकी लावायची, एवढंच काम. पण त्यात एक चौथा सूर घुसायचा आणि हळदीच्या मांडवाची एकदम बड्या हॉटेलची लॉबी व्हायची.

“याला जॅझ म्हणतात, पप्पा,” दर्शना म्हणाली. दाबलेल्या पट्ट्या पडद्यावर निळ्या दिसत. तिकडे बघून तिने लॅपटॉप आपल्या बाजूला वळवला. “प्रोग्रॅमच आगाऊ आहे. साधं वाजवलं की त्याला कमीपणा वाटतो. मी सेटिंग बघते.”

प्रोग्रॅम तिनेच आणला होता, घोडबंदर रोडच्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडून. हळद तिचीच होती. लेकीच्या हळदीत धवला, म्हणजे लग्नविधीचं पारंपरिक गाणं, मालन गाणार आणि साथ मी करणार, हे परशुरामने दर्शना शाळेत असतानाच जाहीर केलं होतं. मालन त्याची थोरली बहीण. डोंबिवलीजवळच्या त्यांच्या गावात तिच्या धवल्याशिवाय कुणाला हळद लागत नसे.

मालन तालमीला आली आणि दुसऱ्याच ओळीला थांबली.

“परशा, मी हळदीचं गातंय, न तुजी पेटी मना हाटेलान नेतं.”

“पेटी नाही गं, सॉफ्टवेअर.”

“जं काय हाय त्याला सांग, गप बस.”

दर्शनाच्या भावाला, हितेशला, हेच हवं होतं. “पप्पा, डीजे सांगून टाकतो ना. कशाला डोक्याला ताप?”

“हळदीपर्यंत जमलं नाही तर सांग,” परशुराम म्हणाला. “तोवर डीजेचं नाव काढायचं नाही.”

आयुष्यभर त्याने वागळे इस्टेटमध्ये प्रेस मशीन चालवली होती. शेवटच्या वर्षी डावा हात मशीनमध्ये सापडला. आता हात अगदी पूर्वीसारखा आहे, असं तो विचारणाऱ्याला सांगायचा आणि न विचारणाऱ्यालाही. असली धूडं वठणीवर आणणारा माणूस या एवढ्याशा प्रोग्रॅमपुढे हार मानणार नव्हता. हट्टी तर तो जन्माचाच.

मग रोज संध्याकाळी बापलेक बसू लागले. दर्शना काहीतरी बदलायची आणि म्हणायची, “आता बघा.” तो वाजवायचा. चौथा सूर इमानाने हजर.

“आज थोडा कमी वाटला,” ती म्हणायची.

“कमी नको. गेला पाहिजे.”

शालूने एकदा चहा आणून कीबोर्डच्या कडेला ठेवला. जरा वेळाने तिनेच तो झटकन उचलला. “अहो, बोट टेकलंय कपाला. भाजेल ना.” परशुरामने कपाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला एक शिवी हासडली.

हळदीच्या आदल्या दिवशी दर्शना ऑफिसातून घाईने आली आणि लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत बसली. बाहेर आली ती हसतच. “सापडलं, पप्पा. आत खोल एक सेटिंग होतं. आता वाजवून बघा.”

“आता नको,” तो म्हणाला. “उद्या मांडवातच.”

दुसऱ्या दिवशी मांडवात मालनने धवला धरला. परशुरामने हात ठेवला आणि साधा, स्वच्छ सा-ग-प उमटला. मालनने डोळे मिटले ते शेवटच्या ओळीलाच उघडले. बायका रडल्या. हितेशसुद्धा नाक पुसत होता आणि पाहुण्यांना सांगत होता की साथ पप्पांची आहे.

मंडळी जेवायला उठली तेव्हा दर्शना पिवळ्या हातांनी कीबोर्डपाशी आली. करंगळीशेजारच्या बोटाखाली येणारी रेची पट्टी तिने दाबली.

पट्टी खाली जाईना. वाकून पाहिलं तर तिच्याखाली काडेपेटीच्या पुठ्ठ्याची घडी घट्ट बसवलेली होती. तिने ती ओढून काढली.

हीच पट्टी तिने काल प्रोग्रॅममधून गुपचूप बंद केली होती. पहिल्या संध्याकाळीच पडद्यावर तीनऐवजी चार पट्ट्या निळ्या दिसल्या होत्या. त्या बधिर बोटाबद्दल पप्पांना सांगायची तिची छाती झाली नव्हती.

“दर्शे,” परशुराम पंगतीतून म्हणाला, “तुझ्या सेटिंगने काम केलं बघ.”

तिने पुठ्ठा परत होता तसा आत सरकवला.

“हो, पप्पा. प्रोग्रॅमच खराब होता.”