जादा गेट

बायकोला ऐकू येत नव्हतं, म्हणून बाळ झाल्यावर त्याने स्वतः तिच्यासाठी मनगटावर बांधायचा पट्टा बनवला. बाळ रडलं की पट्टा थरथरायचा. पाळण्याला दोन माइक होते. पाळणा ज्या बाजूला झुकेल, त्या बाजूचा माइक ऐकायचा.

पण बाळ गाढ झोपेत असतानाही पाळणा जरा हलला की पट्टा थरथरायचा. ती हातातलं काम टाकून धावायची आणि बाळ झोपलेलं पाहून तशीच मागे फिरायची.

शेवटी त्याने कॉलेजात डिजिटल सर्किट शिकवणाऱ्या ताईला बोलावलं. तिने पट्ट्याच्या सर्किटची आकृती पाहिली, त्यातली हो-नाही ठरवणारी गेटं मोजली.

"तिसरं गेट कुठे गेलं?"

"बूलियनच्या नियमांनी सूत्र लहान केलं ना! ते जादा निघालं, म्हणून उडवलं."

"कागदावर जादा आहे रे. पण एक माइक सुटून दुसरा लागेपर्यंत क्षणभर 'बाळ शांत आहे' हे सांगणारं कोणीच नसतं. तेवढ्यात तुझ्या सर्किटला वाटतं, बाळ रडलं. दोन्ही माइक शांत असले की ते गेट तेवढा क्षण सांभाळून घेतं."

त्याने गेट परत जोडलं. पाळणा हलवून हलवून पाहिला. पट्टा गप्प.

तरी दुपारभर बायको सारखी पाळण्यापाशी जाऊन येत होती. त्याचा चेहरा पडला. "अजून थरथरतोय?" त्याने खुणेने विचारलं.

ती हसली. तिची बोटं सावकाश बोलली, "छे! आधी घाबरून धावत होते ना, बाळाकडे धड बघताच आलं नव्हतं."