दोन सेकंद

रत्नागिरीतल्या एका छोट्या कंपनीत योगिनी बंदरांना वादळाचा इशारा पाठवणारी वेब सेवा तयार करत होती. ती सेवा ज्यावर उभी करायची, अशी दोन फ्रेमवर्क, म्हणजे सॉफ्टवेअरचे तयार सांगाडे, तिने तपासली. पहिलं दोन सेकंदांनी वेगवान होतं, पण ठरलेली मानकं पाळत नव्हतं. काही बंदरांवरच्या जुन्या संगणकांना त्याचा संदेश वाचताच येईना. दुसरं हळू होतं, पण सगळीकडे पोचत होतं.

"वादळात दोन सेकंदही मोठे असतात," साहेब म्हणाले. "विचार करून सोमवारी दोन्हींतल्या एकाचं नाव सांग."

रविवारी केळशीला घरी गेल्यावर तिने जाळं शिवत बसलेल्या वडिलांना विचारलं, "बाबा, वादळाचा इशारा दोन सेकंद उशिरा आला तर चालेल?"

त्यांचा हात थांबला.

"चालेल गो बाय. तुझा दादा वादळात गेला, त्या दिवशी इशारा आलाच नव्हता."