ओल्या मातीचं वजन

घुमटाखालचे बाकीचे टेकू काढून झाले होते. मधला एकच उरला होता आणि तो पाडायला नत्थू घण घेऊन उभा होता. तेवढ्यात बाहेर उभ्या मधुसूदनची नजर वर गेली. घुमटावर पसरलेली माती परवा करडी होती. आज ती काळीशार दिसत होती.

"वर पाणी कोणी टाकलं?" त्यानं विचारलं.

"मीच टाकलं, साहेब," भीमाबाई म्हणाली. घमेली वाहणाऱ्या बायांमध्ये ती सगळ्यांत वडील. "तुमी गवत लावाले सांगतलं होतं, ते वाळून राह्यलं होतं. मंग दोन दिवसापासून आमी बाया सकाळ-संध्याकाळ पान्याचे गुंड भरभरून टाकून राह्यलो."

शाबासकीसाठी ती थांबली. मधुसूदनचं मन मात्र नागपूरच्या धरमपेठेतल्या आपल्या टेबलाशी जाऊन पोचलं होतं. तिथं पंख्याखाली बसून त्यानं या छताचं गणित मांडलं होतं. विटांचं वजन धरलं, गाऱ्याचं धरलं, वरच्या वीतभर मातीचं धरलं. माती मात्र कोरडी धरली. वर गवत लावायचं आणि त्याला पाणी लागेल हे या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

पारशिवनीच्या रस्त्यावरचं हे निसर्गोपचार केंद्र म्हणजे त्याचाच हट्ट. सिमेंट नको, लोखंड नको, कूलर नको. इथल्याच मातीच्या कच्च्या विटा, वर गवत, आणि भर मे महिन्यात आजारी माणसाला आत गार झोप. केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या भैय्याजींना हे पटवण्यात त्याचं वर्ष गेलं होतं. सिमेंट परमिटवर मिळायचे दिवस, म्हणून ते कसेबसे तयार झाले. आज ते नारळ घेऊन हजर होते.

"काय साहेब, सगळं बराबर हाय ना?" भैय्याजींनी विचारलं.

"हो," मधुसूदन म्हणाला.

म्हणाला आणि स्वतःच हादरला. जीभ आपली आपण बोलून मोकळी झाली होती.

आत देवाजी मिस्त्री टेकूपासून दोन हातांवर पोतं अंथरून बसला होता. शेवटचा टेकू निघताना बांधणाऱ्यानं खाली बसायचं, ही त्याच्या घरातली रीत. वीट पडायच्या आधी बोलते आणि ते बाहेरून ऐकू येत नाही, असं तो सांगायचा. तिनं तोंड उघडलं की घण मारणाऱ्याला ओढून बाहेर पळायचं. नत्थू त्याचा जावई. त्यानं घण खांद्यावर घेतला.

"थांब," मधुसूदन म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्याला पुन्हा म्हणावं लागलं. मग त्यानं सांगून टाकलं. माती ओली धरायची राहून गेली. वजन दीडपट झालंय. छत उभं राहील की नाही, मला सांगता येत नाही.

भैय्याजींनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. "म्हंजे आता मले स्लॅबच टाका लागते," ते म्हणाले.

"माह्याच्यानं झालं का हे?" भीमाबाईनं विचारलं.

"नाही, बाई. माझ्यामुळे." मधुसूदन दारापाशी गेला. "देवाजी, बाहेर या. माती उतरवू, घुमट वाळू देऊ, मग पाहू."

देवाजी हलला नाही. "आन् पावसाळ्यात कोन उतरवन, साहेब? तवा तं खाली बिमार लोक झोपून राह्यतीन. पडाचं असन तं आज पडू द्या."

मधुसूदनची स्कूटर मोहाच्या सावलीत उभी होती. तिच्यावर बसून सरळ नागपूर गाठावं असं त्याला अगदी मनापासून वाटलं. मग तो आत गेला आणि त्यानं नत्थूपुढे हात केला.

"घण दे. तू बाहेर हो."

"तुमी कदी मारला हाय का घण?"

"नाही."

नत्थूनं सासऱ्याकडे पाहिलं. देवाजीनं मान हलवली, तसा तो घण ठेवून गेला.

बाहेर झळा चालू होत्या आणि आत माठाजवळ बसल्यासारखं गार होतं. याच गारव्यासाठी मधुसूदननं वर्षभर डोकं फोडलं होतं. आता त्याच्या अंगावर काटा आला होता आणि तळहात घामानं निसटत होते. पहिला घाव हुकला. दुसरा टेकूच्या बुडाला लागला, टेकू कुरकुरला. तिसऱ्या घावाला तो आडवा झाला आणि चिमूटभर माती मधुसूदनच्या मानेवर पडली. त्यानं डोळे मिटून घेतले.

काही झालं नाही. निदान तेवढ्यात तरी नाही. त्यानं डोळे उघडले तेव्हा देवाजी मान तिरपी करून, पंजा वर धरून ऐकत होता. त्याच्या कपाळावर आठी होती. मधुसूदनला विचारायची हिंमत होईना आणि न विचारता उभंही राहवेना.

"काय म्हणते?" त्यानं शेवटी विचारलं.

"साहेब, जरासे दात आवळून धरा," देवाजी हळूच म्हणाला. "त्यायच्या कडकडीत मले वीट आयकू येऊन नाही राह्यली."