वरच्या कड्या

घर बघायला आलेल्या क्रिसांतानं ना नळ सोडून बघितला, ना भिंती ठोकल्या. पिशवीतून तिनं टांगून झोपायची आपली विणलेली झोळी काढली आणि म्हणाली, "आधी मी इथं जरा आडवी होणार. मग माझी मुलगी सही करेल."

येसेनियानं कपाळाला हात लावला. "आई, अगं लोकांच्या घरात काय!"

"लोकांच्या कशाला? तूच घेतेयस ना?"

घर विकणारा उबाल्दो हसला. इसाराचा कागद टेबलावर पसरलेला होता, पेन येसेनियाच्या हातात होतं. तिला सातवा महिना लागला होता, पाय सुजले होते. या घरासाठी तिनं शिलाईचं मशीनसुद्धा विकलं होतं. "झोपा की मावशी, घर तुमचंच," उबाल्दो म्हणाला. "एल्विया, पोसोल आण गं!" त्याची बायको मका-कोकोचं गार पोसोल घेऊन आली. वाट्या खिडकीत ठेवून दाराशी उभी राहिली. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती.

क्रिसांता झोळी अडकवायला गेली. समोरासमोरच्या भिंतींत डोक्याच्या उंचीला कड्या होत्या, असतातच. पण त्यांच्या हातभर वर आणखी दोन होत्या. आणि त्यांच्याही वर, अगदी पत्र्याखाली, आणखी दोन. सगळ्या भिंती नव्याकोऱ्या पिस्त्याच्या रंगाच्या. कड्याही त्याच रंगाच्या. खालपासून वरपर्यंत सगळं रंगवलं, पण कड्या काढायचं काही या शहाण्याला सुचलं नाही. सुचणार कसं? ताबास्को प्रांतात सगळे झोळीतच झोपतात, कड्यांशिवाय घराला घर म्हणत नाहीत.

"या मधल्या कशाला हो?"

"आमचे काका ताडमाड उंच होते, मावशी."

"आणि त्या वरच्या?"

"तिथं... वारा चांगला लागतो."

"पत्र्याखाली वारा? तुम्ही झोपता की भाजून घेता?"

येसेनियाला हसू आलं, पण आईचा चेहरा बघून ते विरलं. क्रिसांतानं कागद तिच्या हातात कोंबला, टेबल भिंतीपाशी ओढलं आणि वर चढली. बासष्टीची बाई, पण नदीकाठची. वरच्या कडीत निळ्या दोरीचा एक तुकडा अडकलेला होता. गाठ तशीच होती, तीही रंगवलेली.

"मावशी, पडाल! उतरा!"

"पुरात किती वेळा चढला होतात इथं? एकदा? दोनदा?"

"नदी कुठल्या कुठे आहे! नगरपालिकेच्या नकाशात हा भाग कोरडा दाखवलाय. आणू का नकाशा?"

"मग त्या नकाशाला बांधू का माझी झोळी?" क्रिसांतानं एक टोक कडीत घातलं, खाली उतरली, टेबल ओढत दुसऱ्या भिंतीशी नेलं, पुन्हा चढली. "पोटुशी बाई दारात आली. तिच्या पोटाकडे बघितलंत, तिला बसायला खुर्ची दिलीत. आणि त्याच तोंडानं म्हणालात, घर कोरडं आहे? लाज कुठं ठेवलीत, त्या रंगाच्या डब्यात?"

"मी घेतलं तेव्हा मला कुणी सांगितलं होतं?" उबाल्दो ओरडला. "माझं काय व्हायचं मग? मी मरेपर्यंत इथंच राहू?"

"म्हणून आता हिला इथं अडकवता?"

क्रिसांतानं टेबल खोलीच्या मधोमध आणलं आणि धडपडत झोळीत चढली. पत्रा तिच्या नाकापासून हातभर होता. भर दुपार, पत्रा तापलेला. खालून तिच्या फक्त टाचा दिसत होत्या.

"आता सांगा," वरून आवाज आला. "पाणी कुठवर होतं? टाचेला लागलं होतं की नव्हतं?"

"मावशी, मी आईच्या शपथेवर सांगतो..."

"डोकं दुसरीकडे करा, मावशी."

एल्विया बोलली होती. सगळे तिच्याकडे वळले.

"त्या बाजूला पत्र्याचा खिळा बाहेर आलाय, टोचतो. आम्ही नऊ दिवस होतो वर."

"एल्विया!"

तिनं नवऱ्याकडे बघितलंच नाही. ती येसेनियाजवळ आली, तिच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि तिच्या पोटाकडे बघत राहिली.

"आणि लेकरू असेल ना, पोरी, तर कुशीत नको घेऊस. अंगाला बांधून घे. झोपेत हात सुटतो."